एकच माल, दोन दुकानं

जळगावात भिकमचंद यांचं पापड-बिबड्यांचं जुनं दुकान आहे; बिबडे म्हणजे उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले ज्वारीचे पापड. त्यांची सून विधी हिने काही वर्षांपूर्वी त्याच मालाची वेबसाइट सुरू केली, महिन्याचं भाडं भरून मिळणाऱ्या एका तयार सेवेवर. सुरुवातीला बरं चाललं. पण माल एकच आणि विकायची ठिकाणं दोन. काउंटरवर काय खपलं, ते हाताने भरल्याशिवाय साइटला कळत नसे. एप्रिलमध्ये नागपूरच्या एका बाईंनी लेकीच्या रुखवतासाठी ज्वारीचे बिबडे मागवले, आणि ते तर सकाळीच दुकानातून गेलेले होते. बाई रागावल्या नाहीत. "मग आता रुखवतात मी काय मांडू?" एवढंच त्यांनी फोनवर विचारलं.

त्याच आठवड्यात तिने सेवा बदलायचं ठरवलं, आणि तिथून तिच्या डोक्याला ताप सुरू झाला.

धाकटा दीर पुनीत पुण्यातली नोकरी सोडून नुकताच घरी आला होता. त्याने जेवताना जाहीर केलं, की आता हेडलेस प्लॅटफॉर्मच घ्यायचा. म्हणजे माल, दर, ऑर्डरी हा मागचा भाग एका जागी, आणि गिऱ्हाइकाला दिसतो तो पुढचा भाग वेगळा, हवा तसा बांधलेला. त्या एकाच मागच्या भागाला वेबसाइटही जोडायची आणि काउंटरही. भिकमचंदांनी हेडलेस शब्दाचा अर्थ विचारला आणि ऐकून म्हणाले, "म्हणजे बिनडोक." पुनीतला ते लागलं. दोन दिवस बापलेक बोलले नाहीत, आणि दोघांचे निरोप विधीला पोचवावे लागले.

मग कंपन्यांचे डेमो सुरू झाले. विधीचा प्रश्न एकच होता: काउंटरवर शेवटचं पाकीट गेलं, तर साइटवर ते किती वेळात बंद होईल? एका कंपनीच्या मुलाने तिला पुढच्या पाच वर्षांचं स्वप्न विचारलं. दुसऱ्यांनी परदेशी बुटांच्या दुकानाचा व्हिडिओ दाखवला आणि प्रश्नाचं उत्तर मेलवर देऊ म्हणाले. मेल आला, त्यात बुटांचाच व्हिडिओ होता. पुनीतला मात्र ते फार आवडले. तो दिवसभर विधीला त्यांच्या लिंका पाठवायचा आणि संध्याकाळी विचारायचा, "भाभी, बघितलं का?" शेवटी तिने त्याचे मेसेज म्यूट केले.

दुकानाचा बिलिंगचा प्रोग्राम धुळ्याच्या नईमने लिहिलेला होता. फोनवर तो दोन शब्दांपलीकडे बोलत नसे, म्हणून विधी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेली. टायरच्या दुकानावर त्याची खोली होती. सगळं ऐकून तो म्हणाला की हेडलेस घेतलं तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतील, पुढचा भाग बिघडला तर कंपनी हात वर करेल, आणि कदाचित तुम्हाला याची गरजच नसेल.

विधीचा संयम सुटला. "नईमभाई, दोन महिने सगळे मला काय घ्यायचं ते सांगतायत. आता तुम्ही काय घ्यायचं नाही ते सांगताय. माझ्या प्रश्नाचं उत्तर कोण देणार?"

नईमने तसाच एक फुकट मिळणारा प्लॅटफॉर्म आपल्या कॉम्प्युटरवर चालू केला, त्यात बिबड्यांचं एकच पाकीट टाकलं आणि दुपारपर्यंत आपला बिलिंगचा प्रोग्राम त्याला जोडत बसला. जोडून झाल्यावर विधीला म्हणाला, "ताई, इथे बिल करा." तिने बिल केलं. पाणी पिऊन तिने ग्लास खाली ठेवला, तोवर शेजारच्या फोनवर 'माल संपला' असं आलं होतं.

साइट नईमकडूनच करून घ्यायची, हे ऐकून घरी पुनीत चिडला. एका माणसाच्या भरवशावर धंदा ठेवणार का, तो आजारी पडला तर काय, असं त्याने विचारलं. विधीला त्याचा राग आला तो मुख्यतः त्याचं बरोबर होतं म्हणून. तिने ते कबूल केलं, आणि प्रोग्रामचं सगळं लिखाण आणि पासवर्ड दुकानाच्या नावावर घेण्याचं, स्वतः ते शिकून घेण्याचं काम त्याच्यावरच टाकलं. तो कुरकुरत धुळ्याला जाऊ लागला.

दसऱ्याला नवी साइट सुरू झाली. दिवाळीच्या तोंडावर वरणगावचे एक जुने गिऱ्हाईक दुकानात आले आणि त्यांनी बिबडे मागितले. फळीवर दोन पाकिटं दिसत होती. काउंटरवरच्या जितेंद्रने स्क्रीन पाहिली आणि माल संपल्याचं सांगितलं. ती पाकिटं साइटवर नुकतीच कोणीतरी घेतली होती. उन्हाळ्यापर्यंत नवे बिबडे होणार नव्हते.

भिकमचंद गल्ल्यावरून उठले. "माल माझ्यासमोर आहे, माणूस माझ्यासमोर आहे, आणि मी नाही म्हणू?"

"पप्पा, तो विकला गेलाय," विधी म्हणाली.

गिऱ्हाईक पापडही न घेता निघून गेले. भिकमचंदांनी ती दोन पाकिटं फळीवरून काढली, पार्सलच्या टेबलावर आदळली आणि संध्याकाळच्या चहापर्यंत सुनेशी बोलले नाहीत. आपण चुकलो नाही हे विधीला ठाऊक होतं, तरी तिला बरं वाटत नव्हतं.

चहाला पुनीत आला आणि म्हणाला, प्रत्येक मालाची थोडी पाकिटं फक्त काउंटरसाठी राखता येतात, साइटला ती दिसतच नाहीत.

"हे सकाळी सुचलं असतं तर?" विधी म्हणाली. तिने नईमला फोन लावला. तो म्हणाला, जमेल, फक्त आकडा सांगा.

विधीने फोन तसाच धरून सासऱ्यांकडे पाहिलं. "पप्पा, काउंटरला किती ठेवायची?"

भिकमचंदांनी कप खाली ठेवला. "दहा," ते म्हणाले. मग थोडा विचार करून म्हणाले, "लगीनसराईत वीस."