सुनेच्या मुलखाची फिल्म

सून चीनची येणार हे कळलं त्या दिवशी हरिदास मेश्रामांनी मुलाचा, यशदीपचा, शाळेतला जुना नकाशा कपाटावरून काढला, जमिनीवर पसरला आणि चष्मा पुसून तिचं गाव शोधायला बसले. गाव काही सापडलं नाही. प्रांत मात्र सापडला. ग्वेइचौ नाव, आणि नकाशात डोंगराच्या तपकिरी रंगात पार बुडालेला.

"पहाडी मुलूख हाय," त्यांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं.

"भात खातेत का तिथचे लोक?" आतून सरिताबाईंनी विचारलं.

"खातेत."

"मंग झालं."

सरिताबाईंची चौकशी तिथं संपली, हरिदासांची तिथून सुरू झाली. माणूस मुळातच चौकस. उभी नोकरी मालगाडीचा गार्ड म्हणून शेवटच्या डब्यात काढली. डोंगरगडच्या पुढं सिग्नलला गाडी तास तास उभी राहायची, तेव्हा रुळाशेजारच्या झाडांची नावं विचारत बसायचे. आता निवृत्तीनंतर हिंदी मुलखातल्या शहरात, गुढियारीच्या घरात, दिवस मोकळा होता. आणि घरात चीनहून आलेली एक मुलगी वावरत होती, जिच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना चैन पडू देईना.

यूलान तिचं नाव. यशदीप डॉक्टरकी शिकायला तिकडं गेला होता, तिथं ओळख झाली, पुढं लग्न झालं. परत आल्यावर यशदीपनं इथली परीक्षा दिली आणि समता कॉलनीतल्या एका दवाखान्यात लागला. यूलान घरीच कॉम्प्युटरवर भाषांतराचं काम करायची. हिंदी ती गोल बाजारात शिकली. सरिताबाईंबरोबर भांड्यांच्या दुकानात जायची आणि दुकानदाराची वाक्यं तशीच्या तशी उचलून आणायची. "इससे कम में नहीं पड़ता, दीदी," असं ती एकदा यशदीपला म्हणाली, तेव्हा घर दिवसभर हसत होतं. पण स्वतःबद्दल ती बोलत नसे. विचारलं तर हसायची, आणि उठून काहीतरी कामाला लागायची.

"पापा, आप डॉक्युमेंटरी देखो ना," यशदीपनं सुचवलं आणि टीव्हीला इंटरनेट जोडून दिलं. "चाइना पे हज़ारों हैं. सब समझ में आ जाएगा."

हरिदास मग रोज दुपारच्या चहाआधी एक फिल्म पाहू लागले. भिंतीची पाहिली, मातीच्या सैनिकांची पाहिली, रेशमाच्या किड्यांची पाहिली. पाहिली की प्रश्न तयार.

"बेटा, वो दीवार पे कितना चलना पड़ता है?"

"मैं नहीं गया, पापाजी. बहुत दूर." यूलानचं हिंदी कधी पुरुषी व्हायचं, कधी बायकी. "आप ताजमहल गया?"

हरिदास ताजमहालला गेले नव्हते. पुढचे दोन दिवस त्यांनी प्रश्न विचारला नाही.

बुद्धाच्या लेण्यांची फिल्म पाहिली तेव्हा मात्र त्यांना राहवेना. चीन म्हणजे बौद्धांचा देश, सून बौद्ध घरातून बौद्ध घरात आली, असं त्यांनी विहारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. "तुम्हारे घर में कौनसी वंदना होती थी?" त्यांनी विचारलं. यूलाननं थोडा विचार केला आणि म्हणाली, "कुछ नहीं, पापाजी. सुबह मुर्गी को दाना देते थे." हरिदासांचा चेहरा पडला. सरिताबाई मात्र खुदकन हसल्या.

एकदा चौघं शहराबाहेर नव्यानं वसवलेल्या राज्याच्या राजधानीकडं फिरायला गेले. रुंद रस्ते, दुतर्फा रोपं, पोलीस नाही, गर्दी नाही. यूलान गाडीच्या काचेला नाक लावून म्हणाली, "ये पूरा चाइना है. पहले रोड बनाते, आदमी बाद में आता." हरिदासांना वाटलं, एवढ्या फिल्मा पाहिल्या त्यातून जेवढं कळलं नाही तेवढं हिनं एका वाक्यात सांगितलं. आणखी विचारावं म्हणून ते वळले, तर ती डोळे मिटून बसली होती.

एप्रिल लागला. जयंतीची तयारी सुरू झाली. विहार कमिटीची बैठक यंदा मेश्रामांकडं होती. मिरवणूक, भोजनदान, लाउडस्पीकर असं सगळं बोलणं चाललं असताना कमिटीतले धर्मपाल हात धुवायला मागच्या अंगणात गेले आणि तसेच ओल्या हातानं परत आले.

"हरिदासभाऊ, मांगं काय चालू हाय? सून घमेल्यात कागद जाळून राहिली. अगरबत्त्या लावल्या, भाताचं ताट मांडलं. कोणाचं श्राद्ध होय हे?"

सगळे हरिदासांकडं पाहू लागले. दर ऑक्टोबरला विहाराच्या माइकवरून बावीस प्रतिज्ञा म्हणणारा माणूस म्हणजे हरिदास. श्राद्ध करणार नाही, पिंडदान करणार नाही, हे त्यांनी म्हणायचं आणि समोरच्या शेकडो लोकांनी मागून म्हणायचं. त्यांच्या वडिलांनी गावच्या सगळ्यांसमोर हे सोडलं होतं आणि त्यापायी विहीर बंद झाली तरी मागं वळले नव्हते. हरिदास उठले. अंगणात यूलान उकिडवी बसली होती. वर्तमानपत्राच्या कागदाचे छोटे छोटे बूट घडी घालून केले होते आणि एकेक घमेल्यात टाकत होती.

"ये हमारे घर में नहीं चलता," हरिदास म्हणाले. आवाज त्यांना हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "बंद करो. अभी."

यूलाननं वर पाहिलं. तांब्यातलं पाणी घमेल्यात ओतलं, ताट उचललं आणि आत गेली. उरलेले बूट अंगणातच पडून होते.

संध्याकाळी यशदीप आला, तेव्हा हरिदासांनी त्याला गाठलं. "काय होतं रे ते?"

"कोई त्योहार है उनका, पापा. मुझे भी ठीक से नहीं पता."

"तुलेई माहीत नाही? बायको होय न तुही!"

"वो बताती ही नहीं कुछ," यशदीप म्हणाला आणि मोबाइलकडं पाहत राहिला.

चार दिवस यूलान जेवायला येई, ताटं धुई, आपल्या खोलीत जाई. हिंदी वाक्यं ऐकू येईनाशी झाली. हरिदासांना ओरडल्याची चुटपुट लागली होतीच. पण त्याहून मोठा एक प्रश्न डोक्यात घोंघावत होता. ज्या देशात भटजी नाही, गरुडपुराण नाही, तिथं हे आलं कुठून? आणि बूट कशाला?

म्हणून एका दुपारी त्यांनी पुन्हा टीव्ही लावला. चीनमध्ये मेलेल्या माणसांची आठवण कशी काढतात, असं काहीतरी इंग्रजीत लिहून शोधलं. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा फिल्मा निघत गेल्या. शेवटी एक लागली, तिच्यात ना राजवाडा होता ना भारदस्त आवाजातलं निवेदन. धुक्यातला डोंगर, मक्याची कणसं टांगलेलं लाकडी घर, एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडं. पोरांचे आईबाप दूर समुद्राकाठच्या शहरात कारखान्यात कामाला. वर्षातून एकदा नवीन वर्षाला यायचे, कधी तेही नाही. म्हातारी पोरांना घेऊन पहाटे डोंगर उतरायची, शाळेत सोडायची, पुन्हा डोंगर चढायची. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. हरिदासांचं इंग्रजी नोकरीच्या नियमपुस्तकापुरतं. तरी ते अक्षर न् अक्षर लावून वाचत होते.

दारात सावली पडली. यूलान उभी होती. कानावरचे हेडफोन गळ्यात आलेले.

"पापाजी, ये हमारा तरफ का बोली है."

हरिदास हललेच नाहीत. हललो तर ही निघून जाईल असं त्यांना वाटलं. यूलान हळूच येऊन फरशीवर बसली. पडद्यावर आई आली होती. लाल कोट घातलेली, हातात पिशव्या. लहान पोरगा म्हातारीच्या मागं लपला आणि काहीतरी पुटपुटला. खाली अक्षरं आली. 'मला तुझी आठवण येत नाही,' असा अर्थ हरिदासांनी लावला.

"गलत," यूलान म्हणाली. "ऐसा नहीं बोला वो."

"फिर क्या बोला?"

"वो बोला, मैं इसको नहीं पहचानता."

हरिदासांनी फिल्म थांबवली.

यूलान पडद्याकडंच पाहत बोलत राहिली. शब्द अडले तर हातानं दाखवत होती. तिचे आईबाप असेच गेले होते, ती अंगावर पीत होती तेव्हा. तिला नायनायनं वाढवलं. नायनाय म्हणजे बापाची आई. पावसात डोंगरवाट निसरडी व्हायची, म्हणून नायनाय तिला पाठीवर घेऊन शाळेत सोडायची. पायात कापडी बूट, ते रोज भिजायचे, रात्री चुलीजवळ वाळायचे, सकाळी पुन्हा ओलेच. आई पहिल्यांदा आली तेव्हा यूलाननं तिला 'आंटी' म्हटलं. आई रडली, आणि नायनायनं यूलानला मारलं. त्याआधी आणि त्यानंतर कधीच मारलं नाही.

"नायनाय पिछले साल गई," यूलान म्हणाली. "मैं इधर थी. वीज़ा का कागज अटका था. नहीं जा सकी."

हरिदासांनी रिमोट खाली ठेवला. मग त्यांच्यातला चौकस माणूस जागा झालाच. "बेटा, सच बताओ. जूता जलाया तो उनको मिलता है, ऐसा लगता है तुमको?"

यूलान पहिल्यांदा हसली. "नहीं, पापाजी. कागज है, मालूम है. लेकिन वो दिन हाथ को कुछ काम चाहिए. बैठ नहीं सकते."

हरिदासांनी तिला आपलं सांगितलं. जमेल तेवढ्या हिंदीत, सावकाश. आजोबा श्राद्ध करायचे तेव्हा भटजी तांदूळ न्यायचा, पण ते लांबून टाकावे लागायचे. सावली पडू द्यायचा नाही. म्हणून बाबासाहेबांनी ते सोडायला लावलं आणि म्हणून ते आपण सोडलं. यूलान लक्ष देऊन ऐकत होती. हे तिला घरात कुणी सांगितलं नव्हतं.

"हमारा में कोई पंडित नहीं आता," ती म्हणाली. "बस घर का आदमी. खाना रखते, फिर खुद खा लेते."

"खुद खा लेते?"

"हाँ. नायनाय गुस्सा करेगी, खाना फेंका तो."

हरिदास हसणार, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला.

"मी बी माह्या मायले मावशी म्हणत होती."

सरिताबाई तिथं केव्हापासून उभ्या होत्या कोण जाणे. हात पिठाचे, तसेच हवेत धरलेले.

"तू? कधी?" हरिदासांनी विचारलं.

"लहान होती तेव्हा. माय-बाबा तुमसरकडं मँगनीजच्या खाणीवर होते न. मले लाखनीजवळ आजीपाशी ठेवलं होतं. माय दिवाळीले ये. मी म्हणे, मावशी आली." त्यांनी पदरानं नाक पुसलं, पीठ गालाला लागलं. "मोठी झाल्यावर नेलं मले खाणीवर. आजी मांगं राहिली एकटी. मेली तं आठ दिवसांनी समजलं."

"हे तू मले कधी सांगतलं नाही."

"सांगू कवा? तुम्ही गाडीवर. घरी आले की झोपत. मंग पोरगा झाला." सरिताबाईंच्या बोलण्यात राग नव्हता. मीठ संपलं हे सांगावं तशा त्या सांगत होत्या. सातासमुद्रापलीकडच्या भिंतीची लांबी हरिदासांना पाठ होती.

यूलानला मराठी सगळं कळलं नव्हतं. 'मावशी' कळलं होतं. ती उठली आणि सरिताबाईंचे पिठाचे हात आपल्या हातात घेऊन उभी राहिली. तशी ती आजवर कधी त्यांच्याजवळ गेली नव्हती.

त्या आठवड्यात अंगणात घमेलं पुन्हा पेटलं. हरिदासांनी विस्तवाला हात लावला नाही. प्रतिज्ञा त्यांची होती आणि ती त्यांनी पाळली. पण खुर्ची टाकून जवळ बसले आणि बूट कसा घडवतात, टाच कुठं दुमडतात, ते विचारत राहिले. नंतर ताटातला भात तिघांनी वाटून खाल्ला. जयंतीच्या दिवशी धर्मपालांनी विषय काढलाच. हरिदास म्हणाले, "श्राद्ध नोहोय ते. भटजी नाही, मंत्र नाही. पोट्टी आपल्या आजीची आठवण करून राहिली." धर्मपालांना ते पुरतं पटलं नाही. "पण कागद काहून जाळाचे?" ते म्हणाले. "बसा एक दिवस आमच्या घरी, फिल्म दाखवतो," हरिदास म्हणाले. धर्मपाल अजून आलेले नाहीत.

मेमध्ये हरिदासांनी सरिताबाईंच्या आजीचं गाव पाहायचं काढलं. बेत त्यांचा, पण हट्ट यूलानचा. गोंदियापर्यंत रेल्वे, पुढं बस. रणरणतं ऊन होतं. आजीचं घर उरलं नव्हतं. तिथं कुणाच्या तरी गुरांचा गोठा होता, आणि पलीकडं आटत आलेली बोडी, म्हणजे गावचं लहानसं तळं. वयस्कर एक-दोघांना विचारलं. आजीचं नाव कुणाला आठवेना. हरिदासांना वाटलं, एवढ्या लांब येऊन बायकोचं मन मोडलं.

पण यूलाननं गोठ्याच्या सावलीत उभं राहून विचारायला सुरुवात केली होती. चूल कुठं होती? पाणी कुठून आणायचे? दादी रागावली की काय करायची? आणि सरिताबाई बोटानं दाखवत होत्या, इथं चूल, तिथं कोंबड्या, त्या बोडीत आजी फाटक्या लुगड्यानं मासे धरायची आणि पोरीला काठावर बसवून म्हणायची, हलू नोको, पाण्याले समजते. यूलान म्हणाली, आमच्याकडं तसं टोपलीनं धरतात. मग दोघी बोडीच्या काठी उतरल्या.

हरिदास काही वेळ दुभाष्याचं काम करायला तयार होऊन उभे होते. एक मराठीत बोलत होती, एक हिंदीत, आणि कुणी अडत नव्हतं. शेवटी ते परतीची बस किती वाजता आहे ते विचारायला नाक्याकडं निघाले.