औषध दिले

बाबांनी तीस वर्षं कीटकनाशकं विकली. सगळे त्यांना औषधवाले म्हणायचे. दुकान बंद केलं त्या दिवशी त्यांनी साबणाने तीनदा हात धुतले आणि जाहीर केलं, "आता आपल्या मातीत विषाचा थेंब नको." विष विकून बांधलेल्या घरात बसून बोलत होते. मी तसं तोंडावर सांगितलं.

ताईने मात्र ते मनावर घेतलं. चांगली नोकरी सोडली, घरामागे द्राक्षं लावली, गाडी लावायच्या जागेत स्टीलच्या टाक्या बसवल्या आणि वाइन करायला घेतली. सेंद्रिय असल्याचं प्रमाणपत्र मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं. मधे कुठे औषध सापडलं की मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. म्हणून तिने टाकीशेजारी खिळ्याला एक वही टांगली आणि सगळ्यांना दम दिला, "इथे जे जे होईल ते या वहीत. कुणी शिंकलं तरी."

आईने ते शब्दशः घेतलं.

तिसरं वर्ष संपताना तपासनीस बाई आल्या. उंच, कोरड्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. टाकीत डोकावल्या, पिंपाला टिचकी मारली. मग वही काढून मोठ्यांदा वाचायला लागल्या.

"सोमवार. औषध दिले. मंगळवार. औषध दिले, कुरकुर केली. बुधवार. औषध दिले, तोंड वाकडं केलं." चष्म्यावरून त्यांनी ताईकडे पाहिलं. "तुमच्या वेली तोंड वाकडं करतात?"

ताईचा चेहरा पांढराफटक पडला.

"अहो, वेलींना नाही, ह्यांना," आई बाबांकडे बोट दाखवून म्हणाली. "बीपीची गोळी. हातावर ठेवल्याशिवाय घेतील तर शपथ."

"ती या वहीत कशाला?"

"लेकीनेच सांगितलंय, जे होईल ते लिही. शिंकासुद्धा आहेत बघा, मागच्या पानावर."

बाई पहिल्यांदा हसल्या. "घेता ना पण वेळेवर?" त्यांनी बाबांना सहज विचारलं.

बाबा छताकडे बघायला लागले. हा माणूस तीस वर्षं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून बोललेला. शंका मला तिथेच आली. बाईंनाही आली असावी, कारण त्या सरळ मागे बागेत गेल्या.

स्वयंपाकघराच्या खिडकीखाली पहिली वेल आहे. बाई वाकल्या, पेनाने माती उकरली. अर्धवट विरघळलेल्या चार पांढऱ्या गोळ्या वर आल्या.

"द्राक्षांना औषध नाही, मग मलाच का?" बाबा पुटपुटले.

"म्हणजे वहीत खरंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "औषध दिलंय. वेलीलाच."

मला हसू आणि संताप एकदम आला. जन्मभर लोकांच्या शेतात पिंपाने औषध ओतवलं तेव्हा काही वाटलं नाही. आता स्वतःची मोहरीएवढी गोळी गिळायला यांचं तत्त्व आडवं आलं.

ताई तिथेच मातीत बसली. "तीन वर्षं, बाबा," एवढंच म्हणाली.

त्यावर बाबांची मान पहिल्यांदा खाली गेली. "बाई, चूक माझी आहे. पोरीचं नाव कापू नका. वेल कापा."

बाईंनी वेल कापली नाही. तिला लाल फीत बांधली, नकाशात तिच्यावर फुली मारली आणि ती एक सोडून बाकी बाग मंजूर केली. फॉर्मात एक रकाना उरला होता: पुन्हा असं होऊ नये म्हणून काय कराल? ताईने लिहिलं, "वडील रोज सकाळी आईसमोर गोळी गिळतील आणि जीभ बाहेर काढून दाखवतील." बाबांनी मुकाट सही केली. बाईंनी शिक्का मारला.

आता दरवर्षी बाई येतात. आधी जीभ, मग टाक्या.

फितीच्या वेलीची द्राक्षं आम्ही वेगळी दाबतो. जेमतेम दोन बाटल्या निघतात. बाबा त्या कुणाला हात लावू देत नाहीत. म्हणतात, अख्ख्या बागेत बीपी फक्त हिचंच नॉर्मल आहे.