खुंटाचं माप

थोरल्या जावेला धाकटीचं सगळं चालायचं. तिचं उशिरा उठणं, स्वयंपाकघरात गाणी म्हणणं, झाकणं उघडी टाकणं, सगळं. डोळ्यांत खुपत होता तो फक्त तिचा चक.

चक म्हणजे लेथवर लाकूड घट्ट धरणारा चार जबड्यांचा लोखंडी पंजा. धाकटीने तो माहेराहून आणला आणि दोन वर्षांत घरच्या कारखान्याची हवाच फिरली. त्याआधी वीस वर्षं थोरली लाकडाच्या तळात चार स्क्रू मारून ते लेथच्या तबकडीवर बसवायची आणि वाडगे कातायची. वाडगे देखणे उतरायचे, पण तळाला चार भोकं राहायची, ती बुजवून वर कापड चिकटवावं लागायचं. धाकटीच्या वाडग्याचा तळ मात्र नितळ. मामंजींची नजर आता गेल्यातच जमा होती, ते बोटांनी पारख करत. त्या नितळ तळावर त्यांची बोटं जरा जास्तच रेंगाळायची आणि तेवढा वेळ थोरलीच्या पोटात दुखत राहायचं. दोघींचे नवरे पुढे दुकान सांभाळत. पटाशी हातात दिली तर आधी स्वतःचं बोट कापून घेतील असे दोघे, त्यामुळे त्यांना यातलं काही कळत नव्हतं.

शेवटी थोरलीने तस्साच चक एका म्हाताऱ्या कातार्‍याकडून जुना मिळवला. चक आला, पण त्याच्याबरोबरचा माहितीचा कागद म्हाताऱ्याने कधीच हरवला होता. आता आली का पंचाईत? लाकडाच्या तळाशी एक गोल खुंट ठेवायचा आणि तो जबड्यांनी आवळायचा, एवढं तिला ठाऊक होतं. पण खुंट किती जाडीचा, किती खोल, लेथ किती फेऱ्यांनी चालवायचा? तिने चक बनवणाऱ्या कंपनीला एकामागून एक तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल आम्ही आभारी आहोत. सोबत हसऱ्या माणसांचे फोटो असलेली गुळगुळीत पुस्तिका. आकडा एक नाही.

धाकटीला विचारायचं? त्यापेक्षा जीभ पटाशीखाली धरली असती.

त्यातच मामंजींनी अक्रोडाच्या एकाच बुंध्याचे दोन ठोकळे बाहेर काढले. "एकेक वाडगा करा," ते म्हणाले. "जिच्या वाडग्याचा तळ माझ्या बोटांना पटेल, तिला शिक्का देतो. मला आता तो नीट टेकवता येत नाही." शिक्का म्हणजे तापवून वाडग्याच्या तळावर घराण्याची खूण उठवायचा तो लोखंडी ठसा. वीस वर्षं तो आपल्याच हातात येणार असं थोरली धरून चालली होती. आता हा कालचा चक आडवा आला.

दुपारी धाकटी आंघोळीला गेली, तशी थोरली तिच्या फळीपाशी गेली. स्वतःच्याच कारखान्यात चोरासारखं वावरायची तिला लाज वाटली, पण थांबण्याइतकी नाही. एक तयार वाडगा उलटा करून तिने तळाच्या कड्याला माप घ्यायचं कॅलिपर लावलं. बासष्ट मिलिमीटर. तिने आकडा तीनदा पुटपुटला.

तासाभरात तिने अक्रोडाला बासष्टचा खुंट काढला, चक आवळला आणि लेथ सुरू केला. बाहेरची बाजू झाली. आत पटाशी दोन बोटं खोल गेली असेल नसेल, एकदम खाडकन आवाज झाला. वाडगा चकमधून सुटला, भिंतीवर आदळला आणि त्याची दोन शकलं झाली.

अंगणात केस वाळवत बसलेली धाकटी टॉवेलासकट धावत आली. तिने आधी जाऊबाईंचे हात पाहिले, ते शाबूत होते. मग खुंटाकडचं शकल उचलून पाहिलं. खुंटावर जबड्यांच्या नुसत्या कोपऱ्यांचे आठ ओरखडे होते, जबडे पुरते टेकलेच नव्हते.

"ताई, हा केवढा काढलात?"

"बासष्ट. तुझाच आहे."

"माझा? अहो, ते कडं मी शेवटी कातते, वाडगा उलटा लावून. खुंट तर तेव्हा काढून टाकते."

थोरलीची कानशिलं तापली. वीस वर्षं लाकूड कातलेल्या बाईने तयार तळाला खुंट समजावं! हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती, जरा शांत डोक्याने बघितलं असतं तर तिचं तिलाच कळलं असतं.

"मला विचारायचं ना," धाकटी म्हणाली.

"विचारलं असतं तर सांगितलं असतंस?"

धाकटीने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "नसतं सांगितलं," ती म्हणाली. "तुमच्यासारख्या हाताला हा चक जमला असता, तर माझ्याकडे काय उरलं असतं?"

ठोकळा गेला होता, शिक्का गेल्यात जमा होता, आणि तरी थोरलीला इतकं बरं वाटलं की तिने घाईने तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींनी धाकटीच्या वाडग्यावर बोटं फिरवली आणि शिक्का तिला दिला. संध्याकाळी तो हातात घेऊन धाकटी थोरलीच्या लेथपाशी आली.

"ताई, त्रेपन्न ठेवा. आणि नऊ मिलिमीटर खोल."

किती सहज सांगितलं तिने. काल आकडा झाकून ठेवावा असा जिचा धाक होता, तिला आज तो असाच देऊन टाकता येत होता. शिक्का गेला तेव्हा लागलं नव्हतं इतकं थोरलीला हे लागलं.

"राहू दे," ती म्हणाली. "माझं मी काढते."

तिने स्टूल ओढलं. चक समोर घेऊन ती किल्लीने जबडे केसभर उघडायची, आतल्या वर्तुळाला कॅलिपर उभं लावायची, आडवं लावायची, मग तिरकं. माप जुळेना, की पुन्हा किल्ली. सगळीकडून एकच माप येईल तिथे जबडे पूर्ण गोल, आणि तिथेच पकड सगळ्यांत घट्ट. हे असं मोजून बघायचं धाकटीला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. तिने त्रेपन्न अंदाजाने धरले होते आणि काम निभत होतं.

बऱ्याच वेळाने उभं, आडवं, तिरकं एक झालं. आकडा त्रेपन्न नव्हता. थोरलीने तो दोनदा वाचला आणि कॅलिपर मुठीत झाकलं.

"किती आला? त्रेपन्नच ना?" धाकटीने विचारलं.

"बघते अजून."

"दाखवा तरी."

"झालं की सांगेन," थोरली म्हणाली, आणि दोघींनाही कळलं की ती सांगणार नाही. धाकटी गेली नाही. शिक्का हातात धरून ती तिथेच उभी राहिली, थोरलीच्या मुठीकडे बघत.