गच्चीवरची परात

मी एक जुनी परात आहे. मित्रांनो, गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. माझ्या अंगावर वाळलेली आंबापोळी तुम्ही मिटक्या मारत खाल्लीत, पण ती वाळली कुठे हे एकानेही कधी विचारलं नाही.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा कारखान्यात मी नवी कोरी आले. खाली रस निघतो, गच्चीवर आमच्यावर तो पातळ पसरतात, उन्हात पोळी वाळते आणि पुन्हा खाली जाऊन पाकिटात शिरते. पहिल्या मोसमात सगळे म्हणाले, परात कशी आरशासारखी आहे! मग कावळे आले, जांभ्याची तांबडी धूळ आली आणि कौतुक आटलं. गच्चीवर राबणारी सावित्री सहा वर्षं दोनच गोष्टी मागत होती: वर जाळी आणि हात धुवायला नळ. मालक शुभंकरशेठ दर वर्षी "बघू" म्हणायचे. त्या माणसाचा मला मनस्वी राग आहे.

यंदा त्यांना अन्नसुरक्षेचं प्रमाणपत्र हवंसं झालं. त्यासाठी आधी स्कोप लिहावा लागतो, म्हणजे कोणती जागा आणि कोणतं काम तपासणीत धरायचं, त्याची हद्द. शेठनी लिहिलं, 'तळमजला. रस काढणे व पाकिटे भरणे.' गच्ची सोयीस्कर गाळली. आम्हाला ताडपत्रीखाली कोंबलं आणि सावित्रीला दम भरला, "तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस."

तपासणीला ऑडिटर बाई आल्या, तेव्हा जिन्याचं दार उघडंच होतं. खालचं सगळं ऐकू आलं.

"रस इथे निघतो, पोळी इथे भरता," ऑडिटर बाई म्हणाल्या. "मधे ती वाळते कुठे?"

"ती बाहेरून येते, मॅडम."

"कोणाकडून?"

 शेठ नाव जुळवायच्या आत खाली उभी असलेली सावित्री बोलली, "माज्याकडनं. सा वर्सं मीच वाळवतंय. वर चला, दाखवतंय."

बाई वर आल्या, त्यांनी ताडपत्री उचलली. "ज्या कामाने खाणं बिघडू शकतं, ते हद्दीबाहेर ठेवता येत नाही. गच्ची धरा, मग मला बोलवा." सावित्रीचं नाव त्यांनी वहीत लिहून घेतलं, म्हणून शेठना तिला काढता आलं नाही. त्यांचा उतरलेला चेहरा पाहून माझं पोट भरलं.

पंधरवड्यात जाळी आली, नळ आला, स्कोपमध्ये गच्ची आली. सावित्रीने हात धुतले आणि एकेक परात तपासायला घेतली. माझ्या काठावरून तिने अंगठा फिरवला.

"हिला चीर गेलीय. यात घाण ऱ्हाते. भंगारात टाका."

सहा वर्षं जिच्यासाठी मी धुमसले, तिनेच! आता कारखान्यामागे गंजक्या पत्र्यांत पडून मी दातओठ खाते आहे. पण ती बरोबर होती. आम्हालाही हद्दीत धरा म्हणून ताडपत्रीखाली मीच मनात ओरडत होते, आणि हद्दीत आलेल्याची तपासणी होणारच.

माझी कीव करू नका, मित्रांनो. फक्त पुढच्या वेळी पोळी घेताना विचारा, ही वाळली कुठे? विकणारा जिन्याकडे बघायचं टाळू लागला, तर आधी वर जा.