काळ्या कापडाचे फोटो

"सगळं सांगूनच टाकायचं होतं, तर जिंकलो कशाला?" नणंद माझ्या कानाशी पुटपुटली.

"हळू बोल. नियम आहे तसा."

"कसला मेला नियम! मी माझं कटिंग समोरच्या दुकानातल्या शिंप्याला दाखवायला जाते का?"

नियम असा, की स्पर्धा संपल्यावर पहिल्या तिघांनी आपापली युक्ती सगळ्यांसमोर उघडी करायची. स्पर्धा एका कापड गिरणीची. तीन वर्षांतले कापडाचे अठरा हजार फोटो त्यांनी दिले होते, प्रत्येकावर 'पास' किंवा 'नापास' असं उत्तर. त्यावरून कॉम्प्युटरला शिकवायचं आणि मग त्याने कधी न पाहिलेल्या कापडातला दोष ओळखून दाखवायचा. या शेवटच्या परीक्षेची उत्तरं मात्र तिघा तपासनिसांनी एकत्र बसून ठरवलेली. चारशे बारा संघांत आम्ही पहिल्या आलो. आम्ही म्हणजे मी, चाळिशी उलटल्यावर व्हिडिओ बघून बघून हे शिकलेली; आणि माझी नणंद, शिवणकाम करणारी, जिला कॉम्प्युटर चालू करता येतो, बंद करायला मात्र ती मला हाक मारते.

सभागृहाच्या दारातच गिरणीच्या मॅनेजरने एका उंच, कडक इस्त्रीच्या गृहस्थांशी ओळख करून दिली होती. "हे आमचे काका. एकतीस वर्षं कापड तपासतायत. तुम्हाला दिलेलं एकूणएक उत्तर यांचं." काकांनी नणंदेच्या हातातल्या पिशवीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. "तुम्हीच शिवलीत? वा! एक टाका वाकडा नाही." कौतुक झालं की नणंदेला घरी आणणं कठीण जातं, पण आज तिने पिशवी घाईने काखेत मारली. काका पहिल्या रांगेत जाऊन बसले, पोरगं बोर्डात आल्यासारखे.

तिसऱ्या आल्या होत्या दोन विद्यार्थिनी. "माहितीत थोडा गोंगाट होता, तो आम्ही कमी केला," त्या म्हणाल्या. आमच्या धंद्यात चुकीच्या उत्तरांना गोंगाट म्हणतात. शब्द बरा आहे, कुणाला लागत नाही. दुसरा आलेला इंजिनिअर म्हणाला, जुन्या फोटोंना त्याने जास्त वजन दिलं आणि ताज्यांना कमी.

"का बरं?" मॅनेजरने विचारलं.

"तसं केलं की गुण वाढत होते," असं म्हणून त्याने पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"यालाही कळलंय," नणंद म्हणाली.

कळलं तिन्ही संघांना होतं. आम्हाला कळलं ते तिच्यामुळे. शेवटच्या वर्षाच्या फोटोंवर माझं गणित सारखं आपटत होतं. आठ दिवस डोकेफोड केली. नवव्या दिवशी चहा घेऊन ही बाई आली, उभ्या उभ्या चाळीस फोटो बघितले आणि म्हणाली, "वहिनी, ही सगळी काळी, नाहीतर गर्द निळी कापडं. धागा तुटलेला ढळढळीत दिसतोय, तरी पास. अगं, काळ्यावर काळा दोरा चालवायचा म्हटलं की हल्ली मलाही रडू येतं. या माणसाचे डोळे गेलेत."

त्या दिवसापासून आम्ही दोघी जेवणाच्या टेबलाला चिकटलो. गडद कापडाचे दोन हजार तीनशे फोटो उजळ करून एकेक नव्याने तपासला. ती बघायची, मी नोंदवायची. एकोणीस दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. आमची युक्ती ती एवढीच, बाकी सगळी सजावट.

माझं नाव पुकारलं. काम चोख होतं आणि ते मला ठाऊक होतं. प्रश्न एका आलेखाचा होता. महिन्यामागून महिना चुका कशा चढत गेल्या, ते त्यात दिसायचं. तो दाखवला, तर एकतीस वर्षांची नजर भर सभेत पडद्यावर उघडी पडणार. नाही दाखवला, तर गिरणी याच उत्तरांवर आपलं मशीन शिकवणार, आणि मग मशीनलाही काळं दिसणार नाही.

मी तो गाळून पुढे गेले. "गडद कापडाचे फोटो आम्ही पुन्हा तपासले," एवढंच म्हणाले.

मॅनेजर मात्र पेन सरसावून बसला होता. "गडदच का? आमचा कॅमेरा खराब आहे का? सांगा ना, उद्या बदलतो."

इंजिनिअर माझ्याकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागला. हो म्हणा, सुटा! नणंदेने मात्र मान हलवली नाही, आणि मला तेवढं पुरलं.

"नाही," मी म्हणाले. "कॅमेरा उत्तम आहे."

"मग प्रकाश कमी पडत असेल."

"प्रकाशही ठीक आहे."

"मग गडबड आहे कुठे, मॅडम?"

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते नेटकं कसं बोलावं, एवढंच जुळवत होते. तेवढ्यात पहिल्या रांगेत खुर्ची सरकली. काका उभे राहिले, शर्ट नीट केला आणि मॅनेजरकडे वळले.

"साहेब, ताईंना का पेचात टाकता? मला दिसत नाही. वर्ष होत आलं."