धुतलेली राणी

"वाटतोयस का नुसता पिसतोयस? सालं निघाली पत्त्यांची," मावशी म्हणाली.

ड्रायव्हरनं निमूट वाटायला घेतलं. एरवी त्यानं एकाला चार ऐकवली असती. पण सकाळपासून व्हॅनच्या दुप्पट फेऱ्या झाल्या होत्या आणि त्याचे डोळे मिटून मिटून उघडत होते.

हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात डबा खाऊन झाला, की मशीनची एक फेरी संपेपर्यंत पोकर चालायचं. टेबल म्हणजे चादरींचं गाठोडं. पैशांऐवजी बटणं, पेशंटांच्या सदऱ्यांची, मशीनमध्ये तुटलेली. शनिवारच्या शेवटच्या डावानंतर ज्याच्याकडे जास्त बटणं, त्याला रविवारची सुट्टी; बाकीच्या दोघांनी कामावर यायचं. मुकादमाला हे माहीत होतं. रविवारी दोन माणसं हलताना दिसली की त्याचं समाधान व्हायचं. कुठली दोन, यात तो पडत नसे.

आज शनिवार होता आणि हा शेवटचा डाव. मावशी थोडी पुढे होती. तिची बटणं इंजेक्शनच्या ट्रेमध्ये रचलेली होती. ड्रायव्हर आपली बटणं खिशात ठेवायचा आणि खिशाला भोक होतं, त्यामुळे तो शर्यतीत कधीच नसायचा. नंतरभाऊ दुसरा होता.

नंतरभाऊ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण खरं नाव विचारलं तर तो "नंतर सांगतो" म्हणेल, अशी सगळ्यांना खात्री होती, म्हणून कुणी विचारलंच नव्हतं. वाळलेले कपडे घड्या घालून रचायचे, हे त्याचं काम. केस पिकेपर्यंत त्यानं तेच केलं होतं.

त्यानं पत्ते उचलले.

"आली का बाई तुझ्याकडे?" ड्रायव्हरनं विचारलं.

"आली."

"विचार तिला, मला विसरली का म्हणून."

बाई म्हणजे बदाम राणी. एकदा ती ड्रायव्हरच्या शर्टाच्या खिशात राहिली आणि उकळत्या पाण्यातून निघाली ती दोन्ही बाजूंनी पांढरीफटक. "एवढं स्वच्छ काम इथं पहिल्यांदाच झालं," असं मुकादम म्हणाला होता. नवा पत्ता आणायचं ठरलं, पण दुकानदार सुटी राणी देईना. तेव्हापासून कोरा पत्ता हीच बदाम राणी. तिची पाठही पांढरी असल्यामुळे ती कुणाकडे आहे हे सगळ्यांना दिसायचं. लपवायला जागा नसलेली ती एकटीच बाई त्या खोलीत होती, असं मावशी म्हणायची.

पण आज तिच्या आडोशाला इस्पिक राणी होती. तिच्यामागे चौकट राणी. मग एक सत्ती आणि एक फालतू तिर्री.

एक पत्ता बदलायची मुभा घेऊन नंतरभाऊनं तिर्री टाकली. वरून सत्ती आली.

तीन राण्या, दोन सत्त्या. इतके चांगले पत्ते त्याच्या हातात कधी आले नव्हते. चेहरा मात्र नेहमीसारखाच राहिला. त्याचा चेहरा आनंदातही उशिरा पोचायचा.

रविवार त्याला हवा होता. ताई चालली होती. पोराकडे, लांब, कायमची. दुपारची बस होती. काल फोनवर तिनं विचारलं होतं, "येशील ना रे सोडायला? गुडघे असे झालेत. परत काही माझं येणं होत नाही आता."

"बघतो. नंतर सांगतो."

"सांग हं."

आई गेल्यावर त्याला ताईनंच वाढवलं. घरात एकच मोठी चादर होती. धुतली, वाळली, की दोघं दोन टोकं धरून तिची घडी घालायचे. तो आपली टोकं धरून जागच्या जागी उभा राहायचा. ताई चालत यायची, कोपऱ्याला कोपरा लावायची, खाली लोंबलेलं टोक उचलून मागे जायची, पुन्हा यायची. धंदा त्याला तिथंच लागला म्हणायचा.

आता प्रश्न एवढाच होता. चाल वाढवायची, की दबा धरून बसायचं?

वाढवली तर मावशी पत्ते टाकणार. नंतरभाऊनं आजवर एकदाच चाल वाढवली होती. तेव्हा ड्रायव्हरनं त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. सगळे पळाले तर सुरुवातीची दोन-चार बटणं मिळतील आणि मावशी पुढेच राहील. तिच्या ट्रेमधली मूठभर तरी निघायला हवी होती.

उलट, गप्प बसलं तर ड्रायव्हर होताच. हातात काही नसताना बटणं फेकायची, हा त्याचा नेम होता. तो फेकणार, मावशी त्याला धडा शिकवायला त्यात उतरणार, आणि मग आपण सगळं पुढे सारायचं. सरळ हिशेब होता. थांबायचं फक्त.

"पास," मावशी म्हणाली आणि जांभई दिली.

"पास," नंतरभाऊ म्हणाला.

दोघंही ड्रायव्हरकडे बघायला लागले. ड्रायव्हरनं पत्ते पाहिले. छत पाहिलं. मग आयुष्यात पहिल्यांदा तो खरं बोलला.

"पास. जीव नाही राहिला आज."

सगळ्यांनी पास म्हटलं की पत्ते उघडायचे, असा नियम होता. मशीननं फेरी संपल्याची शिट्टी मारली. ड्रायव्हरकडे काहीच नव्हतं. मावशीनं पत्ते पसरले. पाचही किल्वर.

नंतरभाऊनं राण्या मांडल्या. मग सत्त्या. एका रंगाच्या पाच पत्त्यांपेक्षा हे भारी.

मावशीनं त्या बोट लावून एकेक मोजल्या.

"अरे मेल्या! एवढं घेऊन पास म्हणालास? मी इथं टपून बसलेय, कुणीतरी एक बटण टाका म्हणून. टाकलं असतंस ना, अख्खा ट्रे उपडा केला असता मी!"

"मला वाटलं, हा टाकेल."

"मलापण तेच वाटलं!"

"म्हणजे मी एक दिवस दमायचं पण नाही?" ड्रायव्हर म्हणाला.

नंतरभाऊनं जिंकलेली तीन बटणं उचलली. त्यातलं एक फुटकं होतं. रविवार मावशीला गेला.

ती ट्रे घेऊन उठली, कंबर धरून उभी राहिली. "मला काय, झोपायचंच आहे पाय वर करून. तुझं काही काम होतं का रे उद्या? असलं तर घे तू."

नंतरभाऊच्या तोंडाशी ताई आली होती. पण एकदम काय सांगायचं? मावशी अजून एकदा विचारेल, तेव्हा सांगू, असं त्यानं ठरवलं.

"छे, कसलं काम."

"बरं."

मावशीनं पुन्हा विचारलं नाही.

रविवारी ड्रायव्हर व्हॅन घेऊन बाहेर पडला आणि धुलाईखान्यात नंतरभाऊ एकटाच राहिला. ऑपरेशनच्या मोठ्या चादरी आल्या होत्या. त्या एकट्यानं आवरत नाहीत. त्यानं एका चादरीचे दोन कोपरे दाराच्या कडीत अडकवले, दुसरे दोन हातात धरून ती ताणली. तेवढ्यात फोन वाजला. त्यानं तो कान आणि खांद्यात धरला.

"बसले रे. खिडकी मिळाली," ताई म्हणाली. मागे गाडीची घरघर होती.

"हं."

"जेवलास?"

"नंतर."

"बरं. काही म्हणायचंय?"

तो थोडा थांबला. ती पुन्हा विचारेल असं वाटलं. घरघर वाढली आणि फोन कटला.

नंतरभाऊनं फोन खिशात टाकला. चादरीची टोकं पुन्हा घट्ट धरली आणि सवयीनं जागच्या जागी उभा राहिला.

कडी काही चालत आली नाही. बऱ्याच वेळानं तोच तिच्याकडे निघाला.