नाल्याकाठची याडी

आर्णीकडच्या एका तांड्यावरचा भावसिंग राठोड आयुष्यात एकदाच मोठं खोटं बोलला, आणि तेही पाखरांसाठी.

त्याच्या वावराखाली नाला आहे. नाल्याच्या काठी एकरभर सरकारी पड होती. बोराटी, हिवर, पळस आणि त्यांच्यावर चढलेले काटवलाचे वेल. काठाची दरड उभी, मातीची. वेडे राघू दर उन्हाळ्यात तिच्यात बिळं कोरून अंडी घालायचे. गावाच्या लेखी ही जागा बेकार. जिथं कापूस नाही ते सगळंच बेकार, मात्र पावसाळ्यात काटवलाची भाजी फुकट हवी! भावसिंगला तिथलं बीळ न् बीळ ठाऊक होतं. औत सोडलं की तो धुऱ्यावर, बांधावर, बसून राघूंची ये-जा बघायचा.

एक दिवस शेजारच्या वावराचा मालक अक्षय आला. त्याच्याकडे स्वतःचा जेसीबी. "काका, पुढच्या हप्त्यात हे झुडूप साफ करून नाला सरळ करतो. डुकरं लपून राह्यली अथी."

"अरे, हे राघू तुह्याच वावरातले किडे खातेत."

"किड्यायले फवारा हाये नं, काका," म्हणून अक्षय हसला.

कायदा सांगून कोणी ऐकत नाही, माणूस भितो तो देवाला. हे भावसिंगला सत्तर पावसाळ्यांनी शिकवलं होतं. त्यानं पहाटे नाल्यातला एक गोल गोटा उचलला, तेल-शेंदूर फासला, बोरीखाली ठेवला आणि फांदीला लाल फडकं बांधलं. मग तांड्याच्या नायकाला, बादलला, जाऊन सांगितलं, "याडी सपनात आलती. म्हणे, माह्या जागेवरची फांदी तोडू नका." याडी म्हणजे आई. तांड्यावर देवीलाही याडीच म्हणतात. खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली, अंग थरथरलं. तिथं जमलेल्या लोकांना वाटलं, वारं आलं अंगात.

पुढच्या हप्त्यात जेसीबी आला आणि गोट्यासमोरच त्याचा तेलाचा पाइप फुटला. पाइप जुनाच होता, दोनदा तारेनं आवळलेला. पण अक्षयनं तिथंच चपला काढल्या आणि नारळ फोडला. पुढं दोन वर्षं कोणी काडी मोडली नाही. दरडीत बिळं वाढली. भावसिंग मनातल्या मनात खूश होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यालाच. त्याच्या बायकोनं, लालीबाईनं, सुनेसाठी याडीला नवस बोलला. आठ वर्षं सुनेची कूस उजवली नव्हती. यवतमाळच्या दवाखान्यात औषध चालू होतं, पण पाळणा हलला तेव्हा नाव झालं याडीचं. मग दर मंगळवारी दिग्रसपासून लोक यायला लागले. सगळ्यांत मोठा भक्त अक्षय. नायकाच्या अंगणात बैठक बसली तेव्हा तोच म्हणाला, "याडीले काट्याकुट्यात कायले ठेवाचं? झुडूप काढू, दरड पाडून सपाट करू, सिमेंटचे गट्टू बसवू. जेसीबी माहा."

भावसिंग उठला. "थे याडी नाही. नाल्यातला गोटा हाये. शेंदूर म्याच लावला. पाखरं वाचावी म्हून खोटं बोललो."

मग बादल समजुतीनं म्हणाला, "तुले वाटते तू ठेवला. तिनंच तुह्या हातून ठेवून घेतला, बापा." सगळ्यांनी माना डोलावल्या.

लालीबाई नातवाला कडेवर घेऊन पुढं आली. "गोटा हाये? मंग हा कोणं देला?"

नातू भावसिंगकडे बघून हसला. भावसिंग खाली बसला.

मुहूर्त निघाला चैत्रातला. दरडीत तेव्हा पिल्लं होती. "एक महिना थांबा, उडू द्या त्यायले," म्हणून भावसिंग अक्षयच्या दारात जाऊन बसला. ज्या माणसापुढं तो कधी वाकला नव्हता, त्याचे पाय धरायलाही तयार झाला. अक्षयनंच वाकून त्याच्या पाया पडून घेतलं. "मुहूर्त कसा टाळाचा, काका? तुमीच तर याडी आणली." मुहूर्ताच्या दिवशी दुपारपर्यंत झुडूप गेलं, दरड गेली, जागा तळहातासारखी झाली.

संध्याकाळी आरतीला सगळा तांडा जमला. तेवढ्यात राघू आले. पंधरा-वीस असतील. चोचीत चतुर, माश्या. दरड होती तिथं हवेत थांबत, चीची करत, पुन्हा वळसा घेत. अंधार पडत आला तरी एकही खाली उतरेना आणि एकही चोचीतला घास गिळेना.

"पाहा बाप्पा," लालीबाई गहिवरून म्हणाली, "पाखरंबी याडीले फेरे घालून राह्यली." बायांनी हात जोडले. अक्षयनं मोबाईल वर धरला. "तुमी काहून उभे नुस्ते? जोडा नं हात," लालीबाई नवऱ्याला म्हणाली.

भावसिंगनं हात जोडले. म्हातारा एकदाचा वळणावर आला म्हणून लालीबाईला बरं वाटलं. तो पाखरांची माफी मागत होता.